किमो-रेडिएशनच्या दिवसांतला घरचा स्वयंपाक

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या बऱ्याच सभासद कुटुंबांत कर्करोगाचे उपचार झाले. त्या घरांतला स्वयंपाक ज्यांनी सांभाळला, त्यांच्यापैकी आम्ही सहा-सात जण मिळून ही माहिती लिहीत आहोत. आता इंदुरातच किमो आणि रेडिएशनची सोय आहे. तरीही आपल्यातली पुष्कळ कुटुंबे अजून मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. १९४१ साली ते सुरू झाले तेव्हापासून मध्य भारतातल्या मराठी घरांना तोच रस्ता ठाऊक आहे. उपचार कुठेही घेतले तरी औषधाचे डॉक्टर बघतात, पण "आज काय करू?" हा प्रश्न रोज सकाळी स्वयंपाकघरातच उभा राहतो.

आम्ही डॉक्टर नाही. येथे लिहिलेले बहुतेक आम्हाला आहारतज्ज्ञांनी वेळोवेळी सांगितले आणि आम्ही ते आपल्या पद्धतीच्या जेवणात बसवून घेतले. ज्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा, यकृताचा त्रास आहे, त्यांनी येथली प्रमाणे आपल्या डॉक्टरांना दाखवूनच वापरावीत.

हलके म्हणजे पोकळ नव्हे

आपल्याकडे आजाऱ्याला "हलके" द्यायची रीत आहे. पेज, साबुदाण्याची कांजी, शहाळे, मोसंबीचा रस, फार तर वरणाचे पाणी. चार दिवसांच्या तापात हे चालते. कर्करोगाचे उपचार मात्र चार-सहा महिने चालतात आणि त्या काळात हीच रीत माणसाला उपाशी ठेवते. आमच्यापैकी दोन घरांत हे झाले. एका घरात सासऱ्यांचे वजन सहा आठवड्यांत नऊ किलोने उतरले. सगळे म्हणत होते, "अहो, दर दोन तासांनी काहीतरी देतोय की!" देत होतो हे खरे, पण त्यातले निम्मे पाणीच होते.

शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात जेमतेम चाळीस-पन्नास कॅलरी असतात. तेवढ्याच फुल क्रीम दुधात दीडशेच्या वर कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. मुगाचे कढण गाळून नुसते पाणी दिले तर बरीचशी प्रथिने गाळणीतल्या चोथ्यात राहतात आणि तो चोथा आपण टाकून देतो. म्हणून पदार्थ मऊ, पातळ, बिनतिखट करा, पण त्यातला कस काढून टाकू नका. कढण न गाळता मिक्सरमधून फिरवा. पेजेतले शीत काढू नका, घोटून त्यातच ठेवा आणि वर तूप घाला.

उपचार चालू असताना साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत असे सांगतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिने. मराठी शाकाहारी घरात साठ ग्रॅम हा आकडा ऐकून आम्ही दचकलो होतो. एका अंड्यात ६ ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, मुठीएवढ्या म्हणजे तीस ग्रॅम कोरड्या डाळीत ७, दह्याच्या अर्ध्या वाटीत ३ ते ४, आणि दूध पावडरीच्या दोन पोह्याच्या चमच्यांत ४ ते ५ ग्रॅम असा हिशेब धरला, की वाट सापडते.

आमच्यातल्या एका घरात चांगल्या दिवशी असा क्रम असे. सकाळी कपभर दूध, त्यात दोन पोह्याचे चमचे दूध पावडर विरघळवलेली. दहाच्या सुमारास मूगडाळीची दोन मऊ धिरडी आणि थोडे दही. दुपारी मऊ खिचडी, तिच्यात शिजतानाच कुस्करलेले पनीर. चार वाजता दुधात कालवलेले सातूचे पीठ. रात्री मऊ भातात फेटून शिजवलेले एक अंडे, आणि निजताना पुन्हा पावडर घातलेले दूध. यातला एकही घास जड नव्हता. सगळे मिळून साठ ग्रॅमच्या वर जात असे. वाईट दिवशी यातले निम्मेही जात नसे. त्याचे काय करायचे ते पुढे येईलच.

कस वाढवायच्या वस्तू आपल्या घरातच असतात. चहाच्या चमचाभर तुपात सुमारे ४५ कॅलरी. शेंगदाण्याचे कूट बारीक करून लापशीत किंवा दुधीच्या भाजीत घातले तर कळतही नाही. साय फेटून खिरीत, डाळव्याचे पीठ वरणात. नाचणीत प्रथिने फार नाहीत, पण कॅल्शियम भरपूर असते, म्हणून नाचणीचे सत्त्व पाण्यात न करता दुधात करावे. भाताबरोबर मेतकूट आणि तूप देतो तेव्हा मेतकुटाचा चमचा जरा मोठा घ्यावा, कारण त्यात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते.

अंड्याचा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत अवघड होतो. डॉक्टर "अंडे द्या" म्हणतात आणि घरात देवाचे सोवळे असते. एका घरात आजींनीच स्वतः गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले मांडून दिले. दुसऱ्या घरात आजारी माणसालाच ते नको होते, वासानेच मळमळे. आमचे मत असे, की ज्याला चालते त्याला घरच्यांनी आडकाठी करू नये आणि ज्याला नको त्याच्यावर लादू नये. दूध, पनीर, डाळी, सोयाबीन यांतूनही हिशेब जमतो, फक्त मोजून करावा लागतो. अंडे दिलेच, तर बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवलेले.

किमोचे तीन आठवडे सारखे नसतात

आमच्यापैकी बहुतेकांचे किमो दर एकवीस दिवसांनी होते. पहिले दोन-तीन चक्र गेल्यावर आमच्या लक्षात आले, की या तीन आठवड्यांचा स्वयंपाक तीन प्रकारचा असतो.

पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. या दिवसांत फोडणीचा वास हा मोठा शत्रू. हिंग-लसणाची फोडणी, पोह्यांवरची वाफ, तळण, उकळता चहा हे सगळे बाधते. आंबेमोहोराचा वास आपल्याला स्वर्गीय वाटतो, पण आमच्या एका काकांना त्याच वासाने उलटी झाली, म्हणून या दिवसांत बिनवासाचा जुना तांदूळ वापरा. स्वयंपाक ते झोपलेले असताना किंवा दुसऱ्या खोलीत असताना उरकावा, खिडकी उघडी ठेवावी. पानावर आणताना पदार्थ वाफाळता नको, कोमट किंवा गार असू द्यावा. गार पदार्थाला वास कमी येतो. ताटाचे झाकण त्यांच्यासमोर उघडू नका. स्वयंपाकघरात उघडून मग आणा.

सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, काहीतरी कोरडे तोंडात टाकले तर बरे वाटते. साळीच्या लाह्या, कुरमुरे, टोस्ट, खाकरा यांपैकी काहीही. पाणी जेवताना न देता जेवणांच्या मधल्या वेळात, घोटघोट द्यावे. आल्याचा रस आणि लिंबू घातलेले सरबत काहींना चालते. तोंडात फोड असतील तर ते नको. पोट अगदी रिकामे राहिले की मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी दोन-चार घास.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. या तीन-चार दिवसांत आजाऱ्याचा आवडता पदार्थ करू नये. आपण प्रेमाने पुरणपोळी करतो, श्रीखंड आणतो, "निदान हे तरी खाईल" म्हणून. ते खाऊन उलटी झाली की मेंदू त्या पदार्थाची आणि उलटीची गाठ मारून ठेवतो. आमच्यातल्या एकीच्या यजमानांना किमो संपून चार वर्षे झाली. त्यांना एकेकाळी जीव की प्राण असलेली साबुदाण्याची खिचडी अजून समोर नको असते. आवडीचे तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

काही औषधांची वेगळी पथ्ये असतात. आतड्याच्या कर्करोगावर दिले जाणारे ऑक्सॅलिप्लाटिन चालू असेल तर त्यानंतरचे काही दिवस गार पाण्याने, फ्रिजमधल्या वस्तूने घशात आणि बोटांत झिणझिण्या, आकडल्यासारखे होते. तेव्हा वर सांगितलेले "गार द्या" उलटे फिरवा आणि सगळे कोमट द्या. दर चक्राला डॉक्टरांना औषधाचे नाव विचारून त्याचे खाण्यातले पथ्य लिहून घ्यावे.

दुसरा आठवडा, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत, पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात. भूक थोडी परत येते आणि धोका मात्र तेव्हाच असतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

तिसरा आठवडा कमाईचा. तोंडाला चव येते, पोट मागते. तेव्हा थालीपीठ, गोडाचा शिरा, दूध-बाफला, त्यांना हवे ते करा आणि दोन घास जास्त जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात घटलेले वजन भरून काढायचे ते इथेच. म्हणून पहिल्या आठवड्यात फार घाबरू नये आणि तिसऱ्यात कंटाळा करू नये.

तोंड आले, गिळता येत नाही

आपल्या मध्य प्रदेशात गुटखा-तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप आहेत, भारतातल्या पुरुषांत तर हाच सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. तोंड, जीभ, घसा यांवर रेडिएशन घेणाऱ्यांचे उपचार साधारण सहा-सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटते. लाळ आटते आणि पाण्याचा घोटसुद्धा निखाऱ्यासारखा लागतो. या काळात जेवण मागे पडले तर अशक्तपणाने उपचार मध्येच थांबवावे लागतात आणि तसे होऊ देणे बरे नाही. म्हणून या भागावर आम्ही जास्त लिहितो.

मिरची, मिरे, गरम मसाला, चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू, अननस, कोरडा खाकरा, टोस्ट हे सगळे बंद. मीठसुद्धा कमी. अति गरम काहीही नको. जिरावण आणि शेव हे इंदुरी माणसाचे दुसरे मीठ, पण तेही डब्यात बंद करून उंच फडताळात ठेवा.

आमचा रोजचा आधार म्हणजे गुरगुट्या भात. अर्धी वाटी जुना तांदूळ आणि दोन पोह्याचे चमचे मूगडाळ धुऊन, चार वाट्या पाणी घालून कुकरमध्ये सहा-सात शिट्ट्या. मग रवीने किंवा ब्लेंडरने घोटावा, पातळ लागेल तितके गरम दूध घालावे, दोन चमचे तूप आणि चिमूटभर मीठ. दुधाऐवजी ताक घालू नका, आंबटाने झोंबते. दुसऱ्या दिवशी तोच भात दुधीबरोबर, तिसऱ्या दिवशी सोललेल्या बटाट्याबरोबर वाफवून घोटावा, म्हणजे रोज एकच चव लागत नाही. एका घरात नातवाने सुचवले आणि मऊ पनीर दुधाबरोबर मिक्सरमधून काढून त्यात घातले. त्या दिवसापासून त्या भाताचे नाव "नातूभात" पडले.

गव्हाच्या रव्याची लापशी दुधात शिजवून मोठ्या गाळणीतून दाबून काढली की कण टोचत नाहीत. केळ्याचे शिकरण पूर्ण मिक्सरमधून काढावे. रव्याची पातळ खीर, नाचणीची दुधातली खीर, दह्याऐवजी साय आणि साखर, पिकलेल्या पपईचा गर, गोड आणि आंबट नसलेल्या आंब्याचा रस दुधात. मऊ पोळी दुधात कुस्करून देतो तेव्हा कडा काढून टाका. आपल्याला क्षुल्लक वाटतात, पण टोचतात त्या कडाच. लाळ नसल्यामुळे कोरडा घास फिरत राहतो, म्हणून प्रत्येक पदार्थावर तूप, वरण किंवा दुधाचा ओलावा हवाच. गार दूध किंवा घरी केलेली कुल्फी ही तोंड आलेल्या माणसाला औषधासारखी आहे. तिच्यात बदामाचे तुकडे मात्र नकोत.

जेवणाआधी आणि नंतर गुळण्या कराव्यात. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा. डॉक्टरांनी तोंड बधिर करणारे औषध दिले असेल तर ते खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटे वापरावे. बधिर तोंडाला गरम कळत नाही, म्हणून अन्न आपल्या मनगटावर टेकवून बघा.

नाकातून नळी घालू या, असे डॉक्टर म्हणतात तेव्हा घरात रडारड होते. आमच्याही झाली. नळी म्हणजे शेवट, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती बहुतेकांना काही आठवड्यांपुरती असते आणि तिच्यामुळे वजन टिकून उपचार पुरे होतात. ज्या सासऱ्यांचे वजन नऊ किलो उतरले, त्यांनी नळीला तीन आठवडे नकार दिला होता. नळी लागल्यावर वजन उतरायचे थांबले. आज ते नळीशिवाय जेवतात.

नळीतले अन्न अगदी पातळ आणि दोनदा गाळलेले असावे. येथे मात्र गाळावेच लागते, नाहीतर नळी तुंबते. म्हणून यात दूध पावडर, डाळव्याचे बारीक पीठ, तेल-तूप, साखर यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी, सावकाश. देताना आणि नंतर अर्धा तास रुग्ण बसलेला किंवा उशांना टेकून असावा. आधी आणि नंतर नळीत उकळून गार केलेले पाणी सोडा. नळी जागेवर आहे की नाही, याची जराही शंका आली तर काहीही न घालता नर्सला बोलवा किंवा रुग्णालयात जा.

पोटाच्या तक्रारी आणि तोंडाची चव

ओटीपोटाचे रेडिएशन आणि काही किमोनंतर जुलाब होतात. तेव्हा मऊ भात, केळे, सालीशिवाय शिजवलेले सफरचंद, साबुदाण्याची पातळ कांजी, पाण्यात कालवलेले ओआरएस. त्या दिवसांत पालेभाजी, कच्चे, तळलेले, मोड आलेली कडधान्ये बंद. दूध चालत नसेल तर दोन-चार दिवस थांबवावे.

उलट बाजूला, मळमळीच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते. कोमट पाणी, भिजवलेले मनुके, पपई, दुधी, पडवळ, थोडे चालणे. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच द्यावे, कारण पुरेसे पाणी न पिता ते घेतले किंवा आतड्यात अडथळा असला तर त्रास वाढतो.

चवीचे काय सांगावे! "सगळे लोखंडासारखे लागते" ही तक्रार आमच्या प्रत्येक घरात होती. स्टीलच्या ताट-चमच्याऐवजी काचेची वाटी आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा दिल्याने फरक पडला. तोंडात फोड नसतील तर आमसुलाचे सार, लिंबाचे गोड लोणचे, मोरावळा, आल्याची वडी हे आपले जुने मदतनीस. मांसाहारी घरांत मटणाची चव अचानक कडू लागते, तेव्हा डाळी आणि पनीर वाढवावे. गोड नको म्हणत असतील तर खिरीऐवजी तांदळाची मऊ उकड करावी, मिरचीशिवाय, जिऱ्याची फोडणी दुसऱ्या खोलीत करून.

स्वच्छता : दुसऱ्या आठवड्याची आणि सगळ्याच दिवसांची

पांढऱ्या पेशी कमी असताना घरच्या इतरांना ज्याने नुसते पोट बिघडेल, त्याने रुग्णाला थेट दवाखान्यात दाखल व्हावे लागते. आमच्यातल्या एका घरात हे रविवारच्या पोह्यांवरून झाले. नाक्यावरच्या गरम पोह्यांना काय होते, असे वाटले. पोहे गरम होते, वरचा कांदा, कोथिंबीर आणि शेव मात्र तासन्‌तास उघडी होती. पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले.

तेव्हापासून आमचे नियम असे. बाहेरचे काही नाही, सराफा तर नाहीच. कच्ची कोशिंबीर, वरून पेरलेली कोथिंबीर, दडपे पोहे, मोड आलेले कच्चे मूग, उसाचा रस, बर्फ हे सगळे त्या आठवड्यात बंद. फळे सोलून खायची तीच, म्हणजे केळे, मोसंबी, पपई, आणि ती घरीच धुऊन, धुतलेल्या हातांनी सोललेली. द्राक्षे, स्ट्रॉबेरी नंतर. पाणी खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू देऊन गार केलेले. दूध पिशवीचे असले तरी तापवून. दही घरी, तापवलेल्या दुधाचे आणि ताजे. काही डॉक्टर त्या आठवड्यात तेही थांबवतात, त्यांचे ऐकावे.

शिळा भात हा आपल्या घरांतला छुपा धोका आहे. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची आपली सवय. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात असे जंतू वाढतात, ज्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, मालव्याच्या उन्हाळ्यात तासाभरात. रुग्णासाठी तर त्या त्या वेळचेच करावे. अर्ध्या वाटीचा छोटा कुकर घेतला तर जिवावर येत नाही.

तीर्थ-प्रसादाचा प्रश्न नाजूक आहे. सत्यनारायणाचे पंचामृत कच्च्या दुधाचे असते, तीर्थ कुठल्या पाण्याचे ते माहीत नसते. भेटायला येणारा श्रद्धेने आणतो आणि नाही म्हणता येत नाही. आम्ही तीर्थ डोळ्यांना लावतो, प्रसाद कपाळी लावून घरातले दुसरे कोणी खाते. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी तर सांगितले, की आजाऱ्याने नुसता नमस्कार केला तरी पुरे. उपासाचेही तसेच. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार हे आजारी माणसाने सोडावेत असे आपण म्हणतो, पण चाळीस वर्षांचा नेम सुटत नाही. एका काकूंच्या बाबतीत तोड अशी निघाली, की उपास त्यांच्या नावाने सुनेने करायचा आणि काकूंनी दूध, राजगिऱ्याची खीर, पनीर हे दर दोन तासांनी घ्यायचे.

कानावर येणारे सल्ले

साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, हा सल्ला आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा मिळाला. शरीरातल्या सगळ्याच पेशी साखरेवर चालतात, आणि साखर नाही दिली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती तयार करते. मधुमेह नसेल तर खिरीतली साखर काढून कॅलरी घालवू नका. गव्हांकुराचा रस कच्चा असतो, दुसऱ्या आठवड्यात तो घातकच. हळद भाजीत रोजच्याइतकी चालते. हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र काही औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. काढा, भस्म, चूर्ण काहीही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून लपवले जाते, हे आम्हाला ठाऊक आहे, आम्हीही लपवले होते.

मुंबईच्या खोलीवर

संध्याकाळच्या अवंतिका एक्स्प्रेसने निघून पहाटे मुंबईत पोचतो आणि पुढचे दीड-दोन महिने एका खोलीत, एका शेगडीवर काढायचे असतात. नातेवाइकांकडे राहिलो तरी त्यांच्या स्वयंपाकघरात दर दोन तासांनी घुसणे अवघड जाते. आम्ही इंदुराहून दीड लिटरचा छोटा कुकर, विजेची किटली, हातात धरायचा ब्लेंडर, दोन झाकणांची पातेली नेत असू. सोबत भाजलेला रवा, सातूचे पीठ, मेतकूट, तूप, दूध पावडर, डाळव्याचे पीठ, आणि धुऊन वाळवून एकत्र केलेले तांदूळ-मूगडाळ पुड्या बांधून. एक पुडी म्हणजे एक वेळची खिचडी. रेडिएशनच्या रांगेत दोन-तीन तास जातात, तेव्हा थर्मासमध्ये पातळ लापशी आणि एक केळे जवळ असलेच पाहिजे.

खाणारा आणि वाढणारा

"काय खाशील?" हा प्रश्न दिवसातून आठ वेळा विचारला की तो छळ होतो. आम्ही दोनच पर्याय द्यायला शिकलो: "खीर की भात?" नको म्हटले तर वाटी उचलून न्यायची, तासाने परत आणायची. लहान वाटीत थोडेच वाढायचे. भरलेले ताट बघूनच माणूस हरतो. "माझ्यासाठी एक घास" ही विनवणी आम्ही सगळ्यांनी केली आणि सगळ्यांनी सोडली. एका काकांनी बायकोला शांतपणे सांगितले होते, "तू घास पुढे धरतेस तेव्हा मला तुझा चेहरा बघवत नाही." त्यानंतर ती वाटी ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली, आणि वाटी निम्मी रिकामी होऊ लागली.

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, त्याच काट्यावर वजन घ्यावे आणि वहीत लिहावे. आठवड्यात दीड-दोन किलो उतरले, चोवीस तास पाणीही टिकत नाही, जुलाब दिवसात सहा-सात वेळांपेक्षा जास्त झाले, किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर उद्याची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालयाला फोन करावा. तापाला तर रात्र असली तरी निघावे.

शेजारच्या सभासदांनी डबा द्यायचा असेल तर तो सहसा घरच्या इतरांसाठी द्यावा: पोळी, भाजी, आमटी. रुग्णाचे त्या वेळचे घरीच होऊ द्यावे. स्वयंपाक करणारी सून किंवा मुलगा स्वतः उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकून दिवस काढत असतो, तो डबा त्यांच्यासाठी असतो. डबा द्यायच्या आधी फोन करून विचारा, वासाचे दिवस चालू आहेत का. असतील तर लसणाची आमटी नको, पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी पुरते. डबा दारातच द्या, आणि रिकामा डबा परत मागू नका, तो पुढच्या वेळी आपणच घेऊन या.